एकच बाई असल्याचा दाखला

सूरमध्ये संध्याकाळी चिकट वारा सुटतो,
खिडकीच्या काचा खाऱ्या होतात,
आणि मी स्वयंपाकाच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून
अठ्ठेचाळिसाव्या प्राध्यापकाला पत्र लिहिते.

"आपला शोधनिबंध वाचला."
खरंच वाचलेला असतो.
पहिल्या वीस जणांचे नुसते चाळले होते,
त्यांना ते कळलं असावं.

जाहिरातीत अट असते:
पीएच.डी. मिळून पाच वर्षांच्या आत.
माझी साडेचार झाली.
त्यातलं एक ओवीच्या बाळंतपणाचं,
दीड व्हिसाचं,
आणि पाच महिने एकट्या पदवीच्या कागदाचे.
मंत्रालय, दिल्ली, वकिलात,
सगळीकडे तो माझ्याआधी हिंडून आला
नंदीबैलासारखा, अंगभर शिक्के लेऊन.
माझ्या निवासपत्रावर पेशा: गृहिणी.
खाली बारीक अक्षरात, नोकरीस मनाई.

माझा विषय म्हणजे
पाण्यात बुडालेल्या कशावरही
पहिल्या तासाभरात काय येऊन बसतं.
डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतं.
बाबा त्याला नुसतं लिबलिब म्हणायचे.
होडी शाकारायच्या आधी
पत्र्याच्या तुकड्याने तळ खरवडायचे
आणि मी वाळूत बसून विचारायची,
सगळ्यात आधी कोण आलं?
प्रबंध दोनशे बारा पानांचा झाला.
प्रश्न तेवढाच राहिला.

जयवंत खारं पाणी गोडं करायच्या कारखान्यात आहे.
लाल भरती आली की समुद्र उकळलेल्या चहासारखा होतो,
पंप बंद, आणि ह्याच्या दोन पाळ्या सलग.
परवा डब्यातून तो
बाद झालेल्या पडद्याचा तुकडा घेऊन आला,
पोळीच्या फडक्यात गुंडाळून.
इतरांचे नवरे गजरे आणतात म्हणे.
ते फडकं मी अजून धुतलेलं नाही.

अठ्ठेचाळिसाव्या पत्रात
त्या तुकड्याबद्दल चार ओळी लिहिल्या.
आदरणीय वगैरे राहूनच गेलं.
तिसऱ्या दिवशी मस्कतहून डॉ. झुवैनांचं उत्तर:
पोस्टडॉकची एक जागा आहे, दोन वर्षांची.
निर्णय जूनमध्ये.
एकच शंका.
निबंध आहेत ह. भि. तांडेल यांचे,
पासपोर्ट आहे हर्षला जयवंत मेहेर यांचा.
दोन्ही व्यक्ती एकच असल्याचा पुरावा जोडावा.

मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.
प्रश्न काही चुकीचा नव्हता.

दोनशे किलोमीटर गाडी हाकून वकिलातीत गेलो.
ओवी मागच्या सीटवर दोनदा ओकली.
खिडकीतला माणूस म्हणाला, मॅडम, सोपं आहे,
इथे नवी सही, इथे जुनी.
नवी झटक्यात झाली, बँकेत, शाळेत रोज होते.
जुनीला पेन थांबलं.
तांडेलमधल्या ड ची शेपटी
मी खाली किती ओढायचे?
'भि' जोडून काढायचे की सुटा?
ती बाई चार वर्षांपासून
माझ्याच घरात, माझ्याच चपला घालून राहते
आणि मला तिची सही येईना.
माणूस म्हणाला, थोडी इकडेतिकडे चालेल.
फी घेतली. शिक्का मारला.
आता आम्ही दोघी सरकारमान्य एक आहोत.

रात्री बाबांना फोन लावला.
मिळाली का गं जागा?
नाही अजून. आधी मी मीच आहे, एवढं लिहून दिलंय.
ते हसले नाहीत.
म्हणाले, होडीचा नंबर त्यांनी दोनदा बदलला,
दोन्ही वेळा पेंटरने विचारलं, नाव काय घालू?
म्हटलं, आहे ते कशाला पुसतोस.

मग जरा थांबून,
यंदा तळ खरवडायचा राहिलाय. कंबर धरते.

नकाच खरवडू, मी म्हटलं.
एका डब्यात थोडं काढून ठेवा.
आणि तारीख लिहा वर.

कोणाच्या नावाने ठेवू? त्यांनी विचारलं.